मतं बदलतात की माणसं? हेरवाडच्या ठरावामागचा जुना प्रश्न

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाडच्या ग्रामसभेने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात शासनाचं परिपत्रक निघालं. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं चुकीचं, हे त्यात स्पष्ट झालं. पण ठरावाने नियम बदलतो. मन बदललं का, ते वेगळं मोजावं लागतं.

1928 च्या एका जर्मन निबंधाने मांडलं की तरुणपणीचे अनुभव माणसाची दृष्टी घडवतात. 1965 मध्ये त्यातूनच जन्मगटांच्या, म्हणजे एकाच सुमारास जन्मलेल्यांच्या गटांच्या, अभ्यासाची चौकट आली: जुनी माणसं जातात, नवी येतात आणि समाजाचं मत सरकतं.

खरा गोंधळ 'पिढी' या शब्दाचा. घरात पिढी नात्याने मोजतात. एकत्र कुटुंबात पुतण्या चुलत्यापेक्षा मोठा निघतो, तरी पिढी चुलत्याचीच वरची. पाहणीत मात्र हवं जन्मसाल. ते विचारलं की 'पन्नास असंल' असं गोल उत्तर येतं आणि 50, 60 वर माणसांचे ढीग साचतात. मग कोयनेच्या भूकंपाचा (1967) किंवा बहात्तरच्या दुष्काळाचा धागा धरून विचारावं: तेव्हा शाळेत होता का, कितवीत? तरीही एक पेच उरतोच. जन्मसालात वय मिळवलं की पाहणीचं साल येतं. त्यामुळे वयाचा, पिढीचा आणि काळाचा परिणाम निव्वळ आकडेमोडीने वेगळा होत नाही. कुठलं तरी गृहीतक धरावंच लागतं.

म्हणून त्याच माणसांना पुन्हा विचारायची पद्धत मोलाची. दोन फेऱ्या पुरत नाहीत, कारण उत्तर नुसतं डळमळलं की खरंच बदललं, ते कळत नाही. तिसऱ्या फेरीत कळतं. मत खरं बदललं असेल तर दुसरं-तिसरं उत्तर जुळतं. डळमळ असेल तर उत्तर मूळ जागेभोवतीच घुटमळतं. अमेरिकेत 2006 ते 2014 दरम्यान दोन-दोन वर्षांच्या अंतराने घेतलेली अशी उत्तरं 2020 मध्ये नव्याने तपासली गेली. बहुतेक प्रश्नांवर प्रौढांची मतं जागची हललेली नव्हती. समलिंगी विवाहासारख्या, चारचौघांत गाजलेल्या थोड्या प्रश्नांवर मात्र ती टिकाऊपणे बदलली होती.

विधवा प्रथाही अशीच चारचौघांतली बाब आहे, म्हणून इथे मोजमाप नीट व्हायला हवं. सोप्यात सासरे बसलेले असताना सुनेला विचारलेला प्रश्न वाया जातो; परड्यात, एकटीला विचारावा. आणि पुढच्या फेरीला तीच बाई लेकीकडे इचलकरंजीला गेली असेल तर जावेचं उत्तर तिच्या नावावर लिहू नये. इचलकरंजी गाठावी, नाहीतर रकाना रिकामा ठेवावा.