पैलू कुठला, त्यावर सगळं

'नॅनो' म्हटलं की एकच खुलासा ऐकायला मिळतो: कण लहान, म्हणून पृष्ठभाग मोठा, म्हणून रासायनिक क्रिया जलद. हिशेब खरा आहे. १ सेंटिमीटरच्या घनाचे १० नॅनोमीटरचे घन पाडले, तर ६ चौरस सेंटिमीटरचे ६०० चौरस मीटर होतात. पण त्या पृष्ठभागावर अणू कसे बसलेत, हे कोणी विचारतच नाही. बीकेसीच्या हिरेबाजारातल्या जाणकाराला विचारा. हिरा एका दिशेने घासला जातो, दुसरीकडून चाकाला दाद देत नाही. कार्बन तोच, पैलू वेगळा.

गाडीच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमच्या जोडीला सेरियम ऑक्साइड असतं. ते ऑक्सिजनचं कोठार. विषारी कार्बन मोनॉक्साइडचा रेणू स्फटिकातला एक ऑक्सिजन अणू उचलतो आणि कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. मागे उरलेली रिकामी जागा धुरातला ऑक्सिजन भरतो. म्हणजे सगळी मदार तो पहिला अणू किती सहज सुटतो यावर.

स्फटिकाच्या पोटात प्रत्येक ऑक्सिजनला चार सेरियमनी धरलेलं असतं. पैलूवर हे हात कमी होतात. कुठला पैलू, म्हणजे स्फटिक कुठल्या दिशेने कापला गेलाय, हे कंसातल्या तीन आकड्यांनी सांगतात: (१११) पैलूवर तीन, (१००) वर दोनच. मग (१००) वरचा सर्वांत सैल? नाही! गणितं सांगतात, ऑक्सिजन सर्वांत सहज सुटतो (११०) वरून, तिथे त्याला तिघांनी धरलेलं असूनही. अणू निघाल्यावर शेजाऱ्यांना सरकून नीट बसायला तिथे जागा असते. नुसते बंध मोजून भागत नाही, ते असं.

पैलू निवडता येतात. सेरियम नायट्रेट आणि ६ मोलर तीव्रतेचा कॉस्टिक सोडा टेफ्लॉनचं अस्तर असलेल्या बंद स्टीलच्या भांड्यात २४ तास ठेवा: १०० अंश सेल्सियसला काड्या, १८० ला (१००) चे घन. सोडा ०.०१ मोलरवर आणला तर मुख्यतः (१११) चे बहुफलक. धुण्यात कसूर झाली की सोडियम पृष्ठभागावर राहतो आणि निकाल फसवे येतात. तुलनाही दर ग्रॅममागे नको, दर चौरस मीटरमागे हवी. शिवाय (११०) ची मानली जाणारी काड्यांची बाजू सूक्ष्मदर्शकाखाली बारीक (१११) पायऱ्यांची निघते, त्यामुळे श्रेय पैलूचं की पायऱ्यांच्या कडांचं, हा वाद खराच आहे.

'नॅनो' छापलेली मायलेजची गोळी टाकीत टाकणाऱ्यांनी एवढंच विचारावं: स्फटिक कुठला, पैलू कुठला? पाकिटावर त्याचं उत्तर नसेल, तर पैसे खिशातच ठेवा.

कन्व्हर्टरमध्ये तापमान ८०० अंशांपलीकडे जातं. तिथे कडा गोल होतात, कण एकमेकांना चिकटतात, कमावलेला पैलू जातो. म्हणून तिथे सेरियममध्ये झिर्कोनियम मिसळतात.