कोंड्यावर तेल: पार्श्वभूमी
कोंडा म्हणजे काय हे सांगत बसत नाही, काळा शर्ट घालणाऱ्या सगळ्यांना माहितीये. घोळ आहे तो 'दारुणक' या शब्दाचा. तेलाच्या बाटलीवर, दवाखान्याच्या पाटीवर, दारुणक म्हणजे डॅन्ड्रफ असं लिहून मोकळे होतात. सुश्रुतसंहितेत, म्हणजे आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात, हा क्षुद्ररोगांत म्हणजे किरकोळ रोगांत येतो, डोक्याची कातडी कडक होते, खाजते, रूक्ष पडून फुटते आणि कारण कफ-वात. आता कोरड्या डोक्याला तेल हे बरोबरच जुळतं, पण तेलकट, पिवळट, चिकटून बसणाऱ्या कोंड्यालाही तेच नाव लावलं आणि माझ्या मते गडबड तिथेच झाली.

बरं, तिथे उपाय नुसता तेलाचा नाहीच. शीर सोडणं म्हणजे रक्त काढणं, नस्य म्हणजे नाकात औषध घालणं, शिरोबस्ती म्हणजे डोक्यावर तेल भरून ठेवणं, अभ्यंग म्हणजे तेल चोळणं, आणि कोद्रव म्हणजे हरीक या धान्याच्या काडाच्या राखेच्या क्षारपाण्याने डोकं धुणं. हे धुणं पुढे गळालं, तेल तेवढं राहिलं. नंतरच्या ग्रंथांत माक्याच्या रसात गुंजेच्या बिया घालून कढवलेलं तेल येतं, केरळात धोत्र्याच्या पानांचं. गुंजा आणि धोत्रा दोन्ही विषारी, त्यामुळे यूट्यूब बघून घरी करायच्या भानगडीत पडू नका.

आमच्याकडे आजी माका आणि कडुलिंब वाटून खोबरेल तेलात कढवायची, तळाचा गाळ बोटांनी वळून त्याची वात निखाऱ्यावर धरायची, तडतडली की पाणी अजून आहे, परत कढई चुलीवर. ही परीक्षा ग्रंथातलीच, आजीने ग्रंथ काही पाहिला नव्हता. आणि दुसऱ्या दिवशी शिकेकाई ठरलेली.

१८७४ मध्ये फ्रान्समध्ये कोंड्याच्या खवल्यांत एक बुरशी दिसल्याचं वर्णन आलं, पुढे कळलं की ती टाळूवरच्या स्निग्धांशावर जगते. मग त्वचेचे डॉक्टर म्हणायला लागले तेल लावूच नका, वैद्य म्हणतात औषधांनी सिद्ध केलेलं तेल वेगळं. तेल रात्रभर मुरवून दोन-दोन दिवस न धुणाऱ्यांच्या बाबतीत मला डॉक्टरांचं पटतं.

नावामागे पैसाही होता. १९६४ च्या दुरुस्तीने आयुर्वेदिक औषधं औषध कायद्यात आली, तेव्हा तेल हे औषध की प्रसाधन हा वाद कराच्या वेळी हमखास निघायचा. २०१७ ला जीएसटी आला तर केशतेलाला १८ टक्के, आयुर्वेदिक औषधाला १२, म्हणजे बाटलीवर रोगाचं नाव असलेलं कुणाला नको होतं? २२ सप्टेंबर २०२५ पासून दोन्ही ५ टक्क्यांवर आले, त्यामुळे ते कारण तरी संपलं.