मायक्रोप्लास्टिक वेगळं, प्लास्टिकमधलं केमिकल वेगळं

बाबांची अँजिओप्लास्टी झाल्यापासून आमच्या फॅमिली ग्रुपवर प्लास्टिकबद्दल रोज काहीतरी येतं आणि त्यात मायक्रोप्लास्टिक आणि बीपीए असे लिहिलेले असतात की वाचणाऱ्याला वाटावं एकच आहे. परवा काकूने सगळे डबे बदलून 'बीपीए फ्री'वाले आणले आणि म्हणाली, चला, मायक्रोप्लास्टिकची कटकट गेली. नाही गं काकू, ती नाही गेली, म्हणून जरा बैजवार लिहितेय.

मायक्रोप्लास्टिक म्हणजे कण. 5 मिलिमीटरपेक्षा छोटा तुकडा, घासून, झिजून, उन्हात तडकून सुटलेला. बीपीए म्हणजे रसायन, पॉलीकार्बोनेट या कडक प्लास्टिकची भांडी आणि पत्र्याच्या डब्यांचं आतलं अस्तर यातून आलेलं, गरम पदार्थ ओतला की जास्त सुटतं. दुकानाच्या बिलावर नखाने ओरखडा काढला की काळी रेघ उठते ना, तसल्या बऱ्याच कागदांवर ते किंवा त्याचा भाऊ बीपीएस असतो, आणि हाताला लागतो. शरीर बीपीए काही तासांत लघवीवाटे काढून टाकतं, पण आपण रोज नव्याने घेतो. ते इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनसारखं वागतं हे 1936 लाच एडवर्ड डॉड्स या ब्रिटिश शास्त्रज्ञाने दाखवलं होतं, म्हणजे प्लास्टिकच्या बाटल्या घरोघर पोचायच्या कितीतरी आधी!

आता हृदयाचं. चांगचेंग झोऊ नावाचे शास्त्रज्ञ आहेत, आधी केंटकीला, आता कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइडला, आणि मला त्यांचं काम फार आवडतं कारण त्यांनी दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या तपासल्यात. आपल्या यकृतात आणि आतड्यात पीएक्सआर नावाचा रिसेप्टर असतो, बाहेरून आलेलं परकं रसायन ओळखायचं त्याचं काम. बीपीए माणसाच्या पीएक्सआरला जागं करतं, उंदराच्या नाही. म्हणजे साध्या उंदरावर प्रयोग केला तर हा धोका दिसणारच नाही. म्हणून त्यांच्या टीमने माणसाचा पीएक्सआर असलेले उंदीर वापरले, त्यांना बीपीए दिलं, आणि 2014 चा निष्कर्ष असा की धमन्यांच्या आत साठणारा चरबीचा थर वाढला, रक्तातलं कोलेस्टेरॉल न वाढता. मॅक्रोफेज म्हणजे दाहात पुढे असणाऱ्या पेशी, त्याच जास्त चरबी गिळून फुगल्या. म्हणजे लिपिड प्रोफाइल नॉर्मल आणि आत काम चालू, हे वाचून मी थांबलेच. नंतर एका थॅलेटवरही (प्लास्टिक मऊ करायला घालतात तसलं रसायन) काम झालं, तिथे मात्र आतड्यातल्या पीएक्सआरमार्फत कोलेस्टेरॉलच वाढलं.

कणांचा रस्ता दुसरा. नेपल्सच्या राफाएले मार्फेला यांच्या टीमने मानेच्या धमनीतून ऑपरेशन करून काढलेला थर तपासला, 2024 मध्ये छापून आलं: 257 पैकी 150 जणांच्या थरात पॉलिथिन सापडलं, 31 जणांच्यात पीव्हीसीसुद्धा. ज्यांच्यात कण होते त्यांच्या थरात दाहाच्या खुणा जास्त, आणि पुढच्या सुमारे 34 महिन्यांत हार्ट अटॅक, स्ट्रोक किंवा मृत्यूचा धोका साधारण साडेचार पट. पण हा संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही, फॉरवर्ड करताना हेच वाक्य नेमकं गळतं. मग झोऊंच्या टीमने उंदरांना 9 आठवडे कण खायला घातले, तेव्हा नरांमध्ये धमनीतला थर वाढला, माद्यांमध्ये तसा लक्षणीय नाही, आणि इथेही वजन किंवा कोलेस्टेरॉल वाढलं नव्हतं.

आता काकूचा मुद्दा. बाटलीच्या तळाशी त्रिकोणात 1 असेल तर ती पेट (PET) नावाच्या प्लास्टिकची, तिच्यात बीपीए नसतं. तरी अमेरिकेतल्या बाटलीबंद पाण्यात कोलंबिया विद्यापीठाने लिटरमागे सरासरी 2 लाख 40 हजार कण मोजले, बहुतेक नॅनो, म्हणजे मायक्रोपेक्षाही बारीक. म्हणजे एका बाजूने सुटलो, दुसऱ्या बाजूने नाही. उलट 7 नंबरचं कडक पारदर्शक भांडं पॉलीकार्बोनेटचं असू शकतं, आणि 'बीपीए फ्री'मध्ये कित्येकदा बीपीएस घातलेलं असतं ज्याचाही हार्मोन्सवर परिणाम होतो. युरोपच्या ईएफएसए या अन्नसुरक्षा संस्थेने 2023 मध्ये बीपीएची रोजची मर्यादा थेट 20 हजार पटीने खाली आणली.

आम्ही घरी गरम आमटी प्लास्टिकमध्ये ओतणं बंद केलं आणि टपरीवरचा पिशवीतला चहाही, कारण गरम पदार्थाला स्टीलचा डबा असला की तिथे कण आणि केमिकल दोन्ही टळतात. बाबांना मात्र बजावून ठेवलंय की डबा बदलला म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी चुकवायची नाही.