अविवाहित उमेदवार आणि ‘घरचं कोण?’ हा प्रश्न

निवडणूक जवळ आली की कोल्हापुरात इच्छुकांची चर्चा जातीपासून सुरू होते आणि घरापाशी येऊन थांबते. कुणाचा मुलगा, कुणाचा जावई, सून कुठल्या घरातली, भाऊबंद किती, साखर कारखान्यावर कोण, दूध संघात कोण. त्यात एखादं नाव लग्न न केलेल्या माणसाचं निघालं की कट्ट्यावरचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: “लगीन का केलं नाही म्हणे?” उमेदवार पुरुष असेल तर विषय दोन वाक्यांत मिटतो. बाई असेल तर मिटत नाही. हा फरक आजचा नाही आणि तो कायद्यातूनही आलेला नाही.

कायद्याचं आधी सांगून टाकतो. खासदाराची पात्रता घटनेच्या कलम ८४ मध्ये आहे, आमदाराची कलम १७३ मध्ये, राष्ट्रपतींची कलम ५८ मध्ये. नागरिकत्व हवं आणि वय हवं: लोकसभा-विधानसभेला २५, राज्यसभेला ३०, राष्ट्रपतिपदाला ३५. लग्नाचा उल्लेख यांत कुठेही नाही. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी दोनपेक्षा जास्त अपत्यांची अपात्रता आहे, म्हणजे मुलं किती हे कायदा विचारतो; लग्न झालंय का, हे तोही विचारत नाही.

पण लग्न आणि राजकीय हक्क यांची गाठ या देशात एकदा खरोखर मारली गेली होती. १९३५ च्या कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात बऱ्याच स्त्रियांना मत मिळालं ते नवऱ्याच्या मालमत्तेच्या जोरावर. नवरा अटीत बसत असेल तर बायको मतदार. तो वारला तर त्याची विधवा मतदार. अविवाहित बाईला मात्र स्वतःच्या नावावर काही असायला हवं किंवा ठरलेलं शिक्षण हवं. १९३७ च्या निवडणुका याच नियमाने झाल्या. कोल्हापूर तेव्हा संस्थान होतं, त्यामुळे ती निवडणूक इथे झाली नाही, पण शेजारच्या साताऱ्यात, बेळगावात झाली. प्रौढ मताधिकाराने ही गाठ सोडवली, सवय मात्र सुटली नाही. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या याद्या करताना असंख्य स्त्रियांनी स्वतःचं नाव सांगायला नकार दिला. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढंच लिहा म्हणाल्या. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी चालणार नाहीत असं ठरवलं आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावं यादीतून गळाली. यातल्या बहुतेक उत्तरेकडच्या होत्या. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. मतदार म्हणजे एक एकटी व्यक्ती, तिच्यामागे घर असो वा नसो, हे आपल्याकडे सरकारला अक्षरशः लढून रुजवावं लागलं.

आता कोल्हापूरकडे येऊ, कारण बाईच्या हाती सत्ता येण्याचा इतिहास इथे इतर शहरांपेक्षा जुना आणि ठळक आहे. कावळा नाक्यावर घोड्यावर बसलेल्या ताराराणींचा पुतळा आहे. मार्च १७०० मध्ये सिंहगडावर त्यांचे पती राजाराम महाराज गेले. ताराबाईंचं वय तेव्हा पंचविशीच्या आसपास. पुढची सात वर्षं औरंगजेबाच्या फौजांशी त्यांनी जी झुंज दिली ती मुलाच्या, दुसऱ्या शिवाजीच्या नावाने. करवीरची, म्हणजे कोल्हापूरची, गादी उभी राहिली ती त्यांच्यामुळे. १७१४ मध्ये त्यांना बाजूला सारलं तेही सवतीच्या मुलाला, संभाजीराजांना, पुढे करून. त्याच संभाजीराजांच्या पश्चात, १७६० नंतर, त्यांच्या राणी जिजाबाईंनी दत्तक मुलाच्या नावाने करवीरचा कारभार १७७३ पर्यंत चालवला. दोघींचं कर्तृत्व वादातीत आहे. पण दोघींना दार उघडलं ते राजाची विधवा आणि वारसाची आई म्हणून. त्या काळी दुसरं दार नव्हतंच.

पुरुषालाही कारभार हाती घेण्याआधी घर लागायचं. राजर्षी शाहूंचं लग्न १८९१ मध्ये झालं आणि राज्यकारभाराची सूत्रं १८९४ मध्ये हाती आली. वंश चालायला हवा, तर राजाला राणी हवी, हे राजेशाहीत समजण्यासारखं आहे. गंमत करायची म्हणून सांगत नाही, पण दत्तकांवर चाललेल्या या गादीला वारसाची चिंता किती होती हे इथे शाळकरी पोरालाही माहीत असतं. याच शाहूंनी विधवा पुनर्विवाहाचा आणि आंतरजातीय विवाहाचा कायदा केला, विधवा सुनेला, इंदुमतीदेवींना, घरात शिक्षक ठेवून शिकवलं. लग्न हा माणसाच्या मर्जीचा भाग आहे, जातीच्या पंचांचा नाही, हा विचार या शहरात शंभर वर्षांपूर्वी दरबारातून आला.

संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं. लोकशाही आली. तरी इथल्या राजकारणातल्या ज्या स्त्रियांची नावं चटकन ओठांवर येतात, त्यांची वाट तपासून पाहा. १९६७ मध्ये शेतकरी कामगार पक्षाकडून लोकसभेवर गेलेल्या विजयमाला राणीसाहेब या राजर्षी शाहूंचे पुत्र राजाराम महाराज यांच्या पत्नी. १९९९ आणि २००४ मध्ये इचलकरंजीतून निवडून आलेल्या निवेदिता माने या बाळासाहेब माने यांच्या सूनबाई. बाबासाहेब कुपेकरांच्या निधनानंतर चंदगडमधून संध्यादेवी कुपेकर. २०२२ मध्ये कोल्हापूर उत्तरच्या पोटनिवडणुकीत दिवंगत आमदार चंद्रकांत जाधव यांच्या पत्नी जयश्री जाधव. यातल्या कुणाच्याही कामाला मी कमी लेखत नाही. प्रत्येकीने निवडणूक लढवली आणि लोकांनी मतं दिली. पण तिकीट ठरताना पक्षाने पाहिलं ते घर. इथे पद व्यक्तीचं कमी आणि घराचं जास्त मानलं जातं. म्हणून अविवाहित बाई उभी राहिली की पक्षाच्या हिशेबात एक रकाना रिकामा राहतो: ही कुठल्या घराची?

देशात हा रकाना रिकामा ठेवून लोक फार वर पोचलेले आहेत, तेही पहिल्या पिढीपासून. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय १९४८ पासून १९६२ ला मृत्यू येईपर्यंत पदावर होते, अविवाहित. मद्रासचे के. कामराज १९५४ ते १९६३ मुख्यमंत्री, अविवाहित. नेहरूंनंतर आणि शास्त्रींनंतर पंतप्रधान कोण, हे ठरवण्यात त्यांचाच शब्द वजनदार होता. पहिल्या मंत्रिमंडळात आरोग्यमंत्री होत्या राजकुमारी अमृत कौर, त्याही अविवाहित. अटलबिहारी वाजपेयी तीनदा पंतप्रधान झाले. त्यांच्या घरी मानलेली मुलगी आणि तिचं कुटुंब होतं. डॉ. अब्दुल कलाम २००२ मध्ये राष्ट्रपती झाले. नवीन पटनायक ओडिशात २००० पासून सलग २४ वर्षं मुख्यमंत्री राहिले. तेव्हा अविवाहित माणूस मोठ्या पदावर निवडून येईल का, या प्रश्नाचं उत्तर मतदारांनी पुन्हा पुन्हा देऊन झालं आहे.

बाहेरच्या देशांतही तसंच. अमेरिकेत १८५६ मध्ये जेम्स ब्यूकॅनन निवडून आले, त्यांच्या काळात व्हाइट हाउसमधलं यजमानपण भाचीने, हॅरिएट लेनने, केलं. ग्रोव्हर क्लीव्हलँड १८८४ मध्ये अविवाहित असताना निवडून आले आणि १८८६ मध्ये पदावर असतानाच लग्न केलं. कॅनडाचे मॅकेन्झी किंग वीसहून जास्त वर्षं पंतप्रधान होते, ब्रिटनचे एडवर्ड हीथ १९७० ते १९७४. बायकांच्या वाट्याला मात्र तिथेही वेगळाच सूर आला. तैवानमध्ये २०१६ साली त्साई इंग-वेन राष्ट्राध्यक्ष झाल्या, तेव्हा चीनच्या सरकारी वृत्तसंस्थेच्या एका वर्तमानपत्रात लेख आला की संसार नसल्यामुळे त्यांची वृत्ती टोकाची आहे. टीका झाल्यावर तो काढून टाकला गेला.

आपल्याकडे पुरुषाच्या अविवाहित असण्याला त्यागाचं वलय फार लवकर चढतं. त्याला मोठी परंपरा आहे. समर्थ रामदास बोहल्यावरून निघून गेले ही कथा प्रत्येक मराठी घरात सांगितली जाते. साने गुरुजी, विनोबा, नानाजी देशमुख ही मराठी माणसं संसार न करता सार्वजनिक कामात राहिली आणि लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. संघाच्या प्रचारकांनी लग्न न करण्याची शिस्त बांधली, तिच्यातून राजकारणात अनेक जण आले. “त्याला बायका-पोरं नाहीत, तो कुणासाठी खाणार?” हा युक्तिवाद कोल्हापुरातही ऐकू येतो. बाईसाठी हेच वाक्य वापरलेलं मी क्वचितच ऐकलं आहे. तिच्याबाबत शंका आधी येते. जयललिता १९९१ मध्ये, मायावती १९९५ मध्ये, ममता बॅनर्जी २०११ मध्ये मुख्यमंत्री झाल्या. तिघींना चारित्र्यावरची शेरेबाजी सोसावी लागली, आणि तिघींना लोकांनी स्वीकारलं ते अम्मा, बहनजी, दीदी म्हणून. नात्यात बसवल्यावरच जनतेला हायसं वाटलं. महाराष्ट्रात तर आजवर एकही महिला मुख्यमंत्री झालेली नाही, विवाहित नाही की अविवाहित नाही.

सरकारी नोकरीत नेमकं उलटं होतं, हे इथे सांगायलाच हवं. परराष्ट्र सेवेतल्या बाईला लग्नासाठी सरकारची लेखी परवानगी लागायची आणि संसारामुळे काम बिघडतं असं वाटलं तर राजीनामा मागता यायचा. सी. बी. मुथम्मा यांनी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालय गाठलं आणि १९७९ मध्ये न्या. कृष्णा अय्यर यांनी या नियमांवर कडक ताशेरे ओढले. म्हणजे कचेरीत बाईचं लग्न आड यायचं, आणि प्रचारात तिचं लग्न न करणं आड येतं. पुरुषाच्या वाटेत दोन्हीकडे काहीच येत नाही.

प्रचारात ते आड कसं येतं, हे संक्रांतीला पाहावं. संक्रांत ते रथसप्तमी हा इच्छुकांचा हक्काचा काळ. प्रभागातल्या मंगल कार्यालयात किंवा तालमीसमोरच्या मांडवात हळदीकुंकू ठेवतात. फ्लेक्सवर साहेबांचा फोटो, शेजारी वहिनीसाहेबांचा. दारात हळदीकुंकू आणि अत्तर, आत तिळगूळ, मग वाण: स्टीलचा डबा नाहीतर प्लास्टिकची टोपली, झाकणावर चिकटवलेलं चिन्ह किंवा नाव. पुढे खेळ पैठणीचा. हजारभर बायकांशी एका संध्याकाळी समोरासमोर बोलण्याची ही यंत्रणा आहे आणि ती पुरुष उमेदवाराच्या बायकोसाठी किंवा विवाहित उमेदवार बाईसाठी घडवलेली आहे. कारण रिवाजाने हळदीकुंकू करते ती सवाष्ण आणि वाण घेते तीही सवाष्ण. अविवाहित उमेदवाराने यजमान म्हणून उभं राहायचं तर पहिल्याच पावलाला कुजबुज. ती मग आईला किंवा वहिनीला पुढे करते, म्हणजे स्वतःच्या प्रचारात दुसऱ्या रांगेत उभी राहते.

हे बदलता येतं, याचा पुरावाही याच जिल्ह्यात आहे. मे २०२२ मध्ये, राजर्षी शाहूंच्या स्मृतिशताब्दीच्या वेळी, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला: कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनी हेरवाडचं अनुकरण करावं असं परिपत्रक काढलं. ठराव विधवांसाठी होता. पण सार्वजनिक जागी बाईचा मान तिच्या नवऱ्यावर ठरणार नाही, हे एका गावाने कागदावर लिहून दिलं, आणि ते अविवाहितेलाही तितकंच लागू पडतं.

कागदांचा विषय निघालाच आहे तर उमेदवारीच्या शपथपत्राबद्दल. त्यात स्वतःच्या मालमत्तेशेजारी जोडीदाराच्या मालमत्तेचा रकाना असतो. पूर्वी तो कोरा सोडला तरी चालून जायचं. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की रकाने कोरे ठेवता येणार नाहीत. त्यानंतर २०१४ च्या लोकसभेला नरेंद्र मोदींनी वडोदऱ्याच्या अर्जात पहिल्यांदा जशोदाबेन यांचं नाव पत्नी म्हणून लिहिलं. गुजरात विधानसभेच्या आधीच्या अर्जांत तो रकाना कोरा होता. अविवाहित उमेदवाराला तिथे ‘लागू नाही’ लिहायचं असतं आणि काम होतं. उलट राखीव जागेवर लढणाऱ्या विवाहित बाईची धावपळ जास्त: जातीचा दाखला माहेरच्या नावाने, मतदार यादी सासरच्या नावाने, मग दोन्ही नावं एकाच बाईची हे सिद्ध करणारे कागद गोळा करा.

गावपातळीवर मात्र अविवाहित मुलीपुढे एक खरी अडचण आहे. ग्रामपंचायतीला २१ व्या वर्षी उभं राहता येतं आणि महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा महिलांच्या आहेत, त्यामुळे शिकलेल्या तरुण मुली सदस्य, सरपंच होतात. पण नाव त्याच गावच्या यादीत लागतं. करवीरमधली मुलगी लग्न होऊन कागलला गेली तर पद आपोआप जात नाही, तरी परवानगीशिवाय सलग सहा महिने सभांना गैरहजर राहिली तर जातं. आणि नव्या गावात ती पुन्हा शून्यापासून, कुणाची तरी सून म्हणून सुरुवात करते. वीस ते पंचवीस ही स्थळं बघण्याची वर्षं; पाच वर्षांत कमावलेलं कारभाराचं शहाणपण तिथेच संपतं.

विधानसभेला ही अडचण उरतच नाही. राज्यातल्या कुठल्याही मतदारसंघात नाव असलं की सर्वसाधारण जागेवर कुठूनही लढता येतं, आणि लोकसभेला देशात कुठेही नाव असलं तरी चालतं. पद जितकं मोठं तितकी लग्नाने होणारी गावबदलाची आडकाठी कमी. म्हणून सरपंचपदाची पाच वर्षं नीट सांभाळलेल्या, लग्न न केलेल्या पंचवीस-सव्वीस वर्षांच्या मुलीचं नाव जिल्ह्यातल्या एखाद्या पक्षाने विधानसभेसाठी पुढे पाठवायला हवं, आणि तिच्या अर्जासोबत तिच्या कामाची यादी जावी, घराण्याची नव्हे.