एका पडद्यावरची दोन घराणी

रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिओचा, म्हणजे ध्वनिमुद्रित आवाजाचा, आणि मिडीचा, म्हणजे कुठला सूर कधी नि किती जोरात वाजवायचा या सूचनांचा, ट्रॅक एकाखाली एक असतात. दोन्हींवरच्या क्लिपा, म्हणजे तुकडे, माउसने ओढता येतात, कापता येतात, उचलून पुढे चिकटवता येतात. नवखा माणूस इथेच फसतो. मिडीत प्रत्येक सूर पट्टीसारखा दिसतो; चुकलेला सूर तो पट्टी धरून वर सरकवतो आणि मग गिटारच्या ऑडिओतही तेच करू पाहतो. तिथे हाताला पट्टी लागतच नाही, नुसती लाट दिसते. शेजार जुना असला तरी दोघांची घराणी वेगळी.

ऑडिओचं घराणं चुंबकीय फितीचं. जर्मनीच्या एईजी कंपनीने १९३५ मध्ये बर्लिनला मॅग्नेटोफोन हे यंत्र लोकांसमोर ठेवलं. युद्ध संपल्यावर जॅक मलिन या अमेरिकी अभियंत्याने अशी दोन यंत्रं मायदेशी नेली आणि १९४७ पासून बिंग क्रॉस्बीचा रेडिओ कार्यक्रम फितीवर ध्वनिमुद्रित होऊ लागला. तबकडीवर जे अवघड होतं ते फितीवर सोपं झालं: नको तो भाग कापून टाकणं.

फीत सेकंदाला १५ इंच, म्हणजे साधारण ३८ सेंटिमीटर धावायची. पाव सेकंदाचा खोकला काढायचा तर साडेनऊ सेंटिमीटरचा तुकडा. रिळं हाताने मागेपुढे हलवायची, त्या गुरगुरीतून नेमकी जागा हुडकायची, फितीच्या पाठीवर पेन्सिलीने खूण करायची, खाचेच्या ठोकळ्यात ती बसवायची आणि ब्लेड चालवायचं. छेद तिरका द्यायचा. सरळ कापलं तर सांध्यावर ‘टक्’ ऐकू येतं. तिरक्या छेदात एक आवाज उतरत असताना दुसरा चढत येतो. आज दोन क्लिपांच्या सांध्यावर क्रॉसफेडच्या तिरप्या रेघा दिसतात, तो हाच छेद. ‘अनडू’ मात्र नव्हतं. चुकलं तर कचऱ्यातून तुकडा शोधा.

मिडीचं घराणं त्याहून जुनं, कागदाचं. आपोआप वाजणाऱ्या पियानोत भोकं पाडलेल्या कागदाची गुंडाळी फिरे. भोक कुठे आहे त्यावर सूर ठरे, किती लांब आहे त्यावर त्याचा काळ. कागदात आवाज नसायचाच, असायचा तो फक्त हुकूम. चुकीचं भोक ठिगळ लावून बुजवता येई आणि शेजारी नवं पाडता येई. मिडी एडिटरच्या खिडकीला ‘पियानो रोल’ म्हणतात ते उगाच नाही.

मिडी हा वाद्यांनी एकमेकांना हुकूम देण्याचा ठराव. सिक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ आणि रोलँडचे इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने जानेवारी १९८३ मध्ये प्रॉफेट-६०० आणि ज्युपिटर-६ हे या दोन वेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर (सिंथ, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यं) एका केबलने जोडून दाखवले गेले. कळ दाबली की तीन बाइट जातात: कुठल्या चॅनेलवर काय करायचं, कुठली कळ, किती जोरात. मधला ‘सी’ म्हणजे ६०, बस्स. उलट सीडीच्या दर्जाचा एक सेकंदाचा स्टिरिओ ऑडिओ १,७६,४०० बाइट खातो. म्हणून १९८५ च्या अटारी एसटीसारख्या तुटपुंज्या संगणकालाही मिडी झेपला आणि ऑडिओला थांबावं लागलं. १९९० मध्ये ऑपकोडच्या स्टुडिओ व्हिजनने दोघांना एकाच प्रोग्राममध्ये नांदायला लावलं; १९९१ मध्ये प्रो टूल्स हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर आलं, तेही चारच ट्रॅकचं.

माझ्या मते खरा बदल ट्रॅकच्या संख्येत नव्हता. हार्ड डिस्कवरच्या एडिटिंगमध्ये क्लिप म्हणजे आवाज राहिलाच नाही. ‘अमुक फाइल इथपासून इथपर्यंत वाजव’ एवढीच ती सूचना झाली. म्हणून तर कापलेली कड पुन्हा ओढली की गेलेला आवाज परत येतो. फितीच्या घराण्याने इथे गुपचूप कागदाची तालीम घेतली. पुढे ऑटो-ट्यून (१९९७) आणि मेलोडाइन (२००१) या सूर दुरुस्त करणाऱ्या सॉफ्टवेअरनी लाटेतूनही सूर वेगळा उचलून दाखवला.

कागदाचा दोष मात्र मिडीला अजून चिकटलेला आहे. जुना प्रोजेक्ट दुसऱ्या संगणकावर उघडावा, तर पट्ट्या सरकताहेत, कर्सर धावतोय आणि स्पीकर गप्प, कारण तो सिंथ तिथे नाहीच. माझं असं दोनदा झालंय. तेव्हापासून काम संपलं की मी मिडी ट्रॅक ऑडिओत बाउन्स करून ठेवतो. ‘बाउन्स’ हा शब्दही फितीच्याच घरचा: ट्रॅक संपत आले की भरलेले दोन-तीन मिळून एका रिकाम्यावर उतरवत, ते बाउन्स.