जुन्या मोटारीचा टो-इन: तीन मिलिमीटर नेमके कोठले?

सोलापुरात जुन्या अॅम्बेसेडर आणि फियाट राखून चालवणाऱ्यांमध्ये पुढच्या चाकांच्या अलाइनमेंटचा वाद बहुधा एकाच आकड्यापाशी येऊन अडतो: टो-इन, म्हणजे पुढच्या दोन चाकांमधले अंतर मागच्या बाजूपेक्षा पुढच्या बाजूला जितके कमी ठेवतात तो फरक, तीन मिलिमीटर. आकड्यावर एकमत असते, टायर मात्र आतून किंवा बाहेरून खाल्लेच जातात.

वळताना दोन्ही पुढची चाके वेगवेगळ्या कोनांत फिरली पाहिजेत, ही कल्पना मोटारीच्या आधीची आहे. घोडागाडीसाठी आखलेल्या या रचनेचे पेटंट लंडनमध्ये 1818 साली घेतले गेले. सुरुवातीच्या अनेक मोटारींना पुढे अखंड आस असे. आपल्याकडच्या अॅम्बेसेडरचा पाया 1950 च्या दशकातील इंग्लिश मोटारीचा असून तिची पुढची चाके टॉर्शन बारवर, म्हणजे पिळून स्प्रिंगचे काम करणाऱ्या पोलादी दांडीवर, स्वतंत्रपणे झुलतात. हा बार वर्षानुवर्षांच्या भाराने बसला की गाडीची पुढची उंची घटते, आणि उंचीबरोबर कॅम्बरही, म्हणजे चाकाचा वरच्या बाजूने आत-बाहेर असलेला कलही, बदलतो.

त्या काळच्या इंग्लिश पुस्तिकांत टो-इन इंचाच्या अपूर्णांकात दिलेला असे. आठवा भाग इंच म्हणजे 3.2 मिलिमीटर, गॅरेजच्या बोलण्यात त्याचेच तीन झाले. जुने मिस्त्री टायरच्या मध्यरेषेवर खडूने खूण करत, हबच्या, म्हणजे चाकाच्या मध्याच्या, उंचीवर पुढचे अंतर घेत, गाडी अर्धा फेरा ढकलून तीच खूण मागे आणत आणि फरक काढत. अॅम्बेसेडरच्या टायरचा व्यास सुमारे 650 मिलिमीटर, म्हणून त्यावरचे तीन मिलिमीटर दोन्ही चाकांचे मिळून कोनाची साधारण 16 मिनिटे (एका अंशाची 60 मिनिटे) होतात. हेच तीन मिलिमीटर रिमच्या कडेवर, म्हणजे सुमारे 400 मिलिमीटरच्या व्यासावर धरले, तर 26 मिनिटे होतात. संगणकीय यंत्र रिमला चिमटे लावून कोन मोजते. त्यात व्यास न तपासता जुना आकडा भरला, तर टायरच्या कडेवर जवळजवळ पाच मिलिमीटरचा टो-इन बसतो, आणि दोष यंत्राला किंवा टायरला दिला जातो. माझ्या मते बिघडलेल्या अनेक अलाइनमेंटचे मूळ येथेच आहे, आणि खडूची पद्धत हळू असली तरी ती काय मोजते याविषयी शंका उरत नाही.

टो-इन मुळात का लागतो, हेही येथे महत्त्वाचे आहे. मागच्या चाकांना गती देणाऱ्या गाडीत रस्त्याचा प्रतिरोध पुढची चाके मागे ओढतो, सांध्यांतील सैलपणा निघतो आणि ती बाहेर उघडू पाहतात; आत झुकवून ठेवलेली चाके धावताना सरळ होतात. म्हणून किंगपिन (ज्याभोवती चाक वळते ती खीळ), बुश (सांध्यातील अस्तर) आणि टायरॉडचे (चाकांना स्टिअरिंगशी जोडणाऱ्या दांडीचे) सांधे झिजलेले असताना टायरॉड फिरवून घेतलेले माप पुणे रस्त्यावर पहिल्या काही किलोमीटरांतच खोटे ठरते. आधी हवा आणि बेअरिंग, मग सांधे, मग उंची, त्यानंतर कॅम्बर आणि कॅस्टर (चाक वळते त्या आसाचा पुढे-मागे कल) यांची तपासणी आणि शेवटी टो-इन, हा क्रम घाईने मोडू नये.

1980 च्या दशकानंतर रेडियल टायर रुळले. त्यांचा प्रतिरोध जुन्या क्रॉसप्लायपेक्षा, म्हणजे तिरप्या थरांच्या टायरपेक्षा, कमी असल्याने टो-इनही कमी पुरतो. अनेक जण निम्मा ठेवतात. तो निम्मा टायरवरचा की रिमवरचा, हे जॉबकार्डावर आकड्याशेजारी लिहिलेले असावे.