अन्नतंत्रज्ञान की आहारशास्त्र? बारावीनंतरचा प्रवेश, पात्रता आणि कागदांची फाईल

पोषण म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर आहारतज्ज्ञ येतो. वजनकाटा, तक्ता, सकाळी काय खायचं आणि रात्री काय टाळायचं. पोषणाचं बरंचसं काम मात्र कारखान्यात चालतं. रेशनवर आलेला फोर्टिफाइड, म्हणजे वरून पोषक घटक घातलेला तांदूळच घ्या. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-१२ मिसळून एक्स्ट्रूडरमधून (पीठ साच्यातून दाबून आकार देणाऱ्या यंत्रातून) तांदळाच्याच आकाराचे दाणे काढतात आणि साध्या तांदळात साधारण शंभराला एक या प्रमाणात मिसळतात. तयार तांदळात किलोमागे २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह असावं, असं मानक आहे. हे दाणे शिजताना विरघळता कामा नयेत, त्यांचा रंग बदलता कामा नये, गोदामात पडून राहिल्यावरही त्यातलं जीवनसत्त्व टिकलं पाहिजे. हे बघणारा माणूस अन्नतंत्रज्ञ. समोरच्या रुग्णाला लोह किती हवं, हे सांगणारा आहारतज्ज्ञ. दोघांच्या पदव्या वेगळ्या आणि प्रवेशाचे अर्जही वेगळे.

बारावीच्या निकालानंतर ओळखीतल्या मुलांचे फॉर्म भरायला मी बसते. "मला न्यूट्रिशनमध्ये जायचंय" असं कुणी म्हटलं की मी आधी एकच विचारते: अकरावीला गणित घेतलं होतंस का? निम्मा रस्ता तिथेच ठरलेला असतो.

तंत्रज्ञानाची वाट

महाराष्ट्रात अन्नतंत्रज्ञानाचं बी.टेक. दोन वेगळ्या व्यवस्थांमधून मिळतं, आणि मुलं नेमकी इथे चुकतात. एक व्यवस्था कृषी विद्यापीठांची. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली ही चार विद्यापीठं आणि त्यांना जोडलेली खासगी महाविद्यालयं. परभणीचं अन्नतंत्रज्ञान महाविद्यालय यातलं जुनं, १९७६ पासूनचं. दुसरी व्यवस्था अभियांत्रिकीची. मुंबईतल्या माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था, म्हणजे आयसीटी, आणि नागपूरचं एलआयटी, म्हणजे लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था, त्यात येतात. दोन्हीकडे एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेचेच गुण लागतात, पण केंद्रीय प्रवेश फेरीची (कॅपची) नोंदणी वेगवेगळी करावी लागते. एकीकडे नोंदणी केली म्हणून दुसरीकडे आपोआप नाव लागत नाही.

त्याहून मोठा गैरसमज असा, की सीईटी दिली म्हणजे प्रवेशाचा अर्ज झाला. सीईटी ही नुसती परीक्षा. निकालानंतर राज्य सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर कॅपची नोंदणी पुन्हा करायची, शुल्क भरायचं, कागद चढवायचे आणि ते तपासून घ्यायचे. चांगले पर्सेंटाइल असूनही हे न कळल्यामुळे गुणवत्ता यादीबाहेर राहिलेली मुलं मी पाहिली आहेत.

पात्रता थोडक्यात अशी. अभियांत्रिकीच्या व्यवस्थेत भौतिकशास्त्र आणि गणित हवंच. त्या गटात खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के आणि राज्यातल्या राखीव प्रवर्गाला ४० टक्के गुण लागतात. कृषी व्यवस्थेत खुल्यासाठी ५० आणि राखीवसाठी ४० टक्के, आणि तिथे जीवशास्त्र गटाच्या मुलांनाही अन्नतंत्रज्ञानाचा पर्याय असतो. गणित सोडलेल्यांसाठी हा मोठा दिलासा आहे, फक्त पहिल्या वर्षी अभियांत्रिकीचे विषय येतात तेव्हा थोडी दमछाक होते. नीटचे गुण या पदवीसाठी लागत नाहीत. सीईटीचा पेपर २०० गुणांचा. गणित किंवा जीवशास्त्राला १००, भौतिक आणि रसायनाला ५०-५०. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका.

राज्याबाहेर जायची तयारी असेल तर हरियाणातल्या कुंडलीची आणि तमिळनाडूतल्या तंजावरची निफ्टेम या अन्नतंत्रज्ञानाच्या दोन केंद्रीय संस्था लक्षात ठेवा. २०२१ च्या कायद्याने दोन्ही राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्था झाल्या. तिथला प्रवेश जेईई मेनवर, जोसाच्या (आयआयटी, एनआयटी वगैरे केंद्रीय संस्थांच्या सामायिक जागावाटपाच्या) समुपदेशनातून होतो. आयसीटीमधल्या अखिल भारतीय जागाही जेईई मेनवरच भरतात. कृषी विद्यापीठांतल्या जागांचा एक हिस्सा भारतीय कृषी अनुसंधान परिषद सीयूईटी या देशपातळीवरच्या सामायिक विद्यापीठ प्रवेश परीक्षेच्या गुणांवर देशभरातून भरते, म्हणजे परभणीच्या मुलीला दुसऱ्या राज्यातल्या विद्यापीठातही जागा मिळू शकते. त्यासाठी सीयूईटीचा अर्ज वेळेत भरलेला हवा आणि विषय बरोबर निवडलेले हवेत. चुकीचा विषय निवडल्याचं निकालानंतर कळलं तर त्यावर इलाज नसतो.

फाईल

खरं सांगायचं तर प्रवेश गुणांवर अडतो त्यापेक्षा कागदांवर जास्त अडतो. म्हणून फाईलचं काम अकरावीच्या दिवाळीतच काढा.

दहावी-बारावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, सीईटीचं गुणपत्रक, आधार आणि फोटो हे सगळ्यांनाच लागतं. त्यानंतर वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र. हे आपले सरकार पोर्टलवर किंवा सेतू केंद्रात अर्ज करून मिळतं, आणि निकालाच्या आठवड्यात तिथे रांग लागते. शाळा सोडल्याच्या दाखल्याची मूळ प्रत एका कॉलेजात जमा करून दुसरीकडे जागा मिळाली तर धावपळ होते, म्हणून प्रवेश नक्की होईपर्यंत ती स्वतःजवळच ठेवा.

राखीव प्रवर्गातल्या मुलांचं खरं घोडं अडतं ते जात वैधता प्रमाणपत्रावर. जातीचा दाखला वेगळा आणि वैधता वेगळी. दाखला उपविभागीय कार्यालयातून मिळतो, वैधता जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समिती देते. अनुसूचित जमातींसाठी समिती वेगळी असते. अर्ज ऑनलाइन भरायचा, पण बारावीच्या कॉलेजच्या प्राचार्यांचं शिफारसपत्र, वंशावळीचं शपथपत्र आणि वडील, आजोबा किंवा चुलत्यांच्या शाळेच्या नोंदी जोडाव्या लागतात. गावच्या शाळेतून आजोबांच्या वेळच्या जनरल रजिस्टरचा उतारा काढायलाच महिना जातो. घरात कुणाला आधी वैधता मिळालेली असेल तर त्याची प्रत जोडा, काम सोपं होतं. कधी कधी अर्जाच्या पावतीवर तात्पुरता प्रवेश देऊन मूळ प्रमाणपत्रासाठी मुदत मिळते, पण त्यावर विसंबू नका. मुदत उलटली की जागा खुल्या प्रवर्गात धरतात किंवा थेट जाते.

नॉन-क्रीमीलेयरची तारीख नीट वाचा. राज्याच्या प्रवेशात ते पुढच्या ३१ मार्चपर्यंत वैध असावं लागतं. जोसाच्या वाटेवर मात्र केंद्राच्या नमुन्यातलं आणि त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतर काढलेलं प्रमाणपत्र मागतात. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या प्रमाणपत्रालाही तोच नियम. म्हणजे दोन्हीकडे अर्ज करणाऱ्याला एकाच गोष्टीचे दोन कागद, दोन नमुन्यांत काढावे लागतात. तहसीलमध्ये अर्ज देतानाच "राज्याचं आणि केंद्राचं, दोन्ही हवंय" असं सांगून टाका.

कृषी व्यवस्थेत आणखी एक कागद कामाला येतो, तो म्हणजे सातबारा. शेतकरी कुटुंबातल्या उमेदवाराला गुणवत्ता यादीत जादा भारांक मिळतो. जमीन आजोबांच्या नावावर असेल तर तुमचं त्यांच्याशी नातं दाखवणारा कागदही जोडा, नाहीतर तपासणीत भारांक उडतो. भूमिहीन शेतमजूर कुटुंबासाठी वेगळा दाखला असतो. तलाठ्याकडे एक फेरी मारली की हे सगळं मार्गी लागतं.

आणि नाव! दहावीच्या गुणपत्रिकेवर 'ज्ञानेश्वर' आणि आधारवर 'ध्यानेश्वर', किंवा एका कागदावर आईचं माहेरचं नाव आणि दुसऱ्यावर सासरचं. एका मुलाच्या फॉर्मवर वडिलांच्या नावापुढचा 'राव' एका कागदावर होता, दुसऱ्यावर नव्हता. सुविधा केंद्रातल्या बाईंनी अर्ज परत पाठवला, आणि त्रुटी दूर करायला हातात फक्त दोन दिवस होते. दहावीचं नाव प्रमाण धरा आणि आधार त्याच्याशी जुळवून घ्या. उलटं करायला गेलात तर बोर्डाच्या विभागीय कार्यालयाचे खेटे घालावे लागतील.

पसंतीक्रम भरताना एक नियम लक्षात असू द्या. अभियांत्रिकीच्या पहिल्या फेरीत पहिलीच पसंती मिळाली, तर तीच जागा स्वीकारावी लागते. म्हणून पहिल्या ओळीत कुणाच्या सांगण्यावरून काहीही टाकू नका.

आहारशास्त्राची वाट

इथे सहसा सीईटी नसते. गृहविज्ञान किंवा अन्न व पोषण विषयातल्या बी.एस्सी.चा प्रवेश महाविद्यालयाच्या किंवा विद्यापीठाच्या गुणवत्ता यादीवर होतो. मुलींसाठी एसएनडीटी महिला विद्यापीठ हे जुनं आणि चांगलं ठिकाण. पदवीनंतर एम.एस्सी. किंवा पदव्युत्तर पदविका, मग रुग्णालयातली इंटर्नशिप आणि मग इंडियन डायटेटिक असोसिएशनची नोंदणीकृत आहारतज्ज्ञाची परीक्षा, असा क्रम. इंटर्नशिपचं प्रमाणपत्र लेटरहेडवर, सुरुवात आणि शेवटाच्या तारखांसह घ्या. "काही महिने काम केलं" एवढ्या मोघम पत्राला कुणी विचारत नाही. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्यात पोषणशास्त्राचे व्यावसायिकही धरले आहेत, त्यामुळे महाविद्यालयाला मान्यता कुणाची आहे हे फी भरण्याआधी विचाराच.

संशोधनाकडे ओढा असेल तर हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था. १९१८ मध्ये कुन्नूरला बेरीबेरीच्या शोधासाठी सुरू झालेली छोटीशी प्रयोगशाळा म्हणजे हिचं मूळ. २०१७ मध्ये ५२८ भारतीय अन्नपदार्थांचे पोषणतक्ते यांनीच काढले. इथल्या उपयोजित पोषणाच्या एम.एस्सी.ला प्रवेश परीक्षा असते. विज्ञान पदवीधरांना तंत्रज्ञानाकडे वळायचं असेल तर म्हैसूरच्या सीएफटीआरआय या केंद्रीय अन्नतंत्रज्ञान संशोधन संस्थेची अन्नतंत्रज्ञानातली एम.एस्सी. आहे. बी.टेक.नंतर एम.टेक. करायचं असेल तर गेट या पदव्युत्तर अभियांत्रिकीच्या प्रवेश परीक्षेत एक्सई (अभियांत्रिकी विज्ञान) पेपरात अन्नतंत्रज्ञानाचा विभाग घेता येतो.

सरकारी नोकरी

अन्न सुरक्षा अधिकारी हे पद बऱ्याच जणांना हवं असतं. २०११ च्या अन्न सुरक्षा नियमांतल्या मूळ यादीत अन्नतंत्रज्ञान, दुग्धतंत्रज्ञान, जैवतंत्रज्ञान, तेलतंत्रज्ञान, कृषी, पशुवैद्यक, जीवरसायन आणि सूक्ष्मजीवशास्त्र या पदव्या आहेत, शिवाय रसायनशास्त्राची पदव्युत्तर आणि वैद्यकाची पदवी. पोषणशास्त्र त्या मूळ यादीत नाही. समकक्ष पदव्या केंद्र सरकार अधिसूचनेने जोडू शकतं, तेव्हा एमपीएससीच्या जाहिरातीतला शैक्षणिक अर्हतेचा परिच्छेद शब्दन् शब्द वाचा. पदवीच्या नावात "अन्न" आहे म्हणून चालून जाईल, असं समजू नका.

अन्न विश्लेषकाच्या पदासाठी मात्र अन्न व पोषण विषयातली पदव्युत्तर पदवी चालते. तिथे अन्नपदार्थांच्या विश्लेषणाचा तीन वर्षांचा अनुभव आणि एफएसएसएआयची (देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची) परीक्षा लागते. अनुभवपत्रात 'गुणवत्ता विभागात कार्यरत' एवढंच लिहिलेलं असेल तर अर्ज अडतो. प्रयोगशाळा सोडतानाच कोणत्या पदार्थांच्या कोणत्या चाचण्या केल्या हे त्यात लिहून घ्या, कारण तीन वर्षांनी तिथले साहेब बदललेले असतात.